नौपाड्यातील स्कॅनिंगचे दुकान : पावसाच्या जुन्या वह्या घेऊन जाणाऱ्यांसाठी

माझे सासरे पाटबंधारे खात्यात होते आणि नोकरीची बरीच वर्षे त्यांनी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर काढली. त्यांच्या पश्चात माळ्यावरून पावसाच्या अकरा वह्या आणि रद्दीत जाता जाता वाचलेला स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या आलेखांचा एक गठ्ठा निघाला. अतिवृष्टीच्या नोंदी चाळण्याचा नाद मला निवृत्तीनंतर जडला आहे, त्यामुळे कागदाचा भुगा होण्यापूर्वी हे सारे स्कॅन करून घ्यावे म्हणून ठाण्यातच चौकशी केली आणि नौपाड्यातील एका छोट्या दुकानात जाऊन पोहोचलो.

पहिली भेट समाधानकारक होती. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात जुनी पाने घालणार नाही, काचेवर एकेक ठेवूनच स्कॅन करू, असे मालकांनी आपणहून सांगितले. वह्यांची शिवण उसवली नाही आणि गंजलेल्या टाचण्या हाताने काढल्या. रंगीत पानाला आठ रुपये हा दर मला रास्त वाटला. काउंटरवरच्या मुलाने विचारले, “काका, बॅकग्राउंड साफ करून देऊ का? पिवळेपणा जाईल.” मी हो म्हणालो. चूक निम्मी माझीच.

साफसफाईत पिवळेपणा गेला, त्याबरोबर बारीक ठिपकेही गेले, आणि त्या ठिपक्यांत दशांशचिन्हे होती. वहीत निळ्या शाईने 18.6 लिहिलेले पडद्यावर 186 दिसू लागले. देशावरच्या एखाद्या गावाच्या वहीत एका दिवसात 186 मिमी दिसले असते, तर कोणीही थबकून मूळ पान काढून पाहिले असते. घाटमाथ्यावर जुलै महिन्यात हा आकडा इतका स्वाभाविक असतो, की शंका घेण्याचे कारणच उरत नाही. हवामान खात्याच्या वर्गवारीत 64.5 मिमीपासून जोरदार आणि 204.4 मिमीच्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस धरला जातो. म्हणजे एक टिंब पुसल्याने साधा पावसाळी दिवस अतिवृष्टीच्या उंबरठ्यावर जाऊन बसतो. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहावे म्हटले, तर डोंगराळ मुलखात तोही आधार तोकडा पडतो, कारण महाबळेश्वरपासून जेमतेम 20 किमीवर असलेल्या पाचगणीचा वार्षिक पाऊस महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश आहे.

दुसरी तक्रार समासाची. यंत्राने पानांच्या कडा आपोआप छाटल्या आणि सासऱ्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलेली टिपणे त्यात गेली. एका पानावर “बाटली भरून वाहिली” एवढेच लिहिलेले आहे. मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर आणि आतली बाटली 4 लिटरची असेल, तर 200 मिमी पावसाला ती काठोकाठ भरते, आणि मधे उठून ती रिकामी केली नाही तर पुढचे पाणी मोजमापात येत नाही. त्या तीन शब्दांमुळे शेजारचा आकडा “इतका पाऊस” न राहता “किमान इतका पाऊस” होतो. स्कॅनमध्ये आकडा होता, ते शब्द नव्हते.

आलेखांचे प्रकरण वेगळे. स्वयंलेखी पर्जन्यमापकात 10 मिमी पाणी साठले की सायफनने, म्हणजे पाणी आपोआप ओढून काढणाऱ्या वाकड्या नळीने, टाकी रिकामी होते आणि वर चढत गेलेली लेखणी शून्यावर उतरते. तासाभरात असे दहा उतार आले तर 100 मिमी झाले, म्हणजे ज्याला ढगफुटी म्हणतात ती मर्यादा. अशा वेळी जांभळ्या रेषा एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, आणि कमी रेझोल्यूशनच्या कृष्णधवल प्रतीत त्यांची एकच जाड पट्टी झाली होती. भिंग लावूनही त्यात सात उतार आहेत की आठ, हे सांगता येईना.

हे सारे मी छापून नेऊन दाखवले, तेव्हा मालकांनी वाद घातला नाही. पिवळा कागद पिवळाच ठेवायचा, कडेने स्कॅनरचे झाकण दिसले तरी चालेल पण काहीही छाटायचे नाही आणि आलेख रंगीत, 600 डीपीआयवर घ्यायचे, असे ठरले. वह्यांची पाने त्यांनी फुकट पुन्हा करून दिली, आलेखांचे मात्र निम्मे पैसे घेतले. मला ते योग्य वाटले. या खेपेचे काम उत्तम आहे. पेन्सिलीने खोडलेले आकडेसुद्धा वाचता येतात.

फाइलींना नावे देताना मात्र आधी बोलून घ्यावे. आलेख सकाळी साडेआठला चढवतात आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला उतरवतात, त्यामुळे त्यावर दोन तारखा असतात. फाइलीच्या नावासाठी मुलाने पहिली घेतली, वहीतला पाऊस मात्र मोजल्या दिवसाच्या, म्हणजे दुसऱ्या तारखेखाली असतो. महाडजवळच्या तळीयेची दरड 22 जुलै 2021 च्या संध्याकाळी कोसळली, तरी त्याच पावसाचा महाबळेश्वरचा 594 मिमीचा आकडा 23 तारखेखाली आहे, तो याच रिवाजामुळे. सायफन वाहत असताना पडलेला पाऊस आलेखात धरला जात नाही, म्हणून मुसळधार पावसात त्याची बेरीज वहीशी जुळवून दुरुस्त करावी लागते. तारीख एका दिवसाने सरकली तर जुळणार कशाशी? नावे बदलण्याचे काम मी घरी बसून केले, त्यात चार दिवस गेले.

दुकान दुपारी एक ते चार बंद असते आणि गाडी लावायला जागा नाही. सामान परत घेताना मोजून घ्यावे. माझी सातवी वही कोणाच्या तरी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात गेली होती. संध्याकाळी तो मुलगाच ती घरी आणून देऊन गेला.