सुरीची मूठ कशाने धरायची: अरल्डाइट, ठोकलेली रिबिट की पेच?

खानदेशात मुठीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि लाकूड आटतं. जुलैत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. मुठीत जाणारं पात्याचं शेपूट मात्र तेवढंच राहतं. त्याच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या फळ्या कशाने धरायच्या, याचा निर्णय या ओढाताणीवर करायचा. दिसण्याचा विचार नंतर.

नुसतं अरल्डाइट, म्हणजे दोन भाग कालवून लावायचं इपॉक्सी, हा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात बेभरवशाचा मार्ग. सरळ ओढीला इपॉक्सी दणकट असतं. सुरी फरशीवर पडली की मात्र फळी टोकाकडून सोलली जाते, आणि सोलण्यापुढे कडक इपॉक्सी हार मानतं. शिवाय घरच्या हवेत सुकणारे बहुतेक इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतात. उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीला तेवढं तापायला फार वेळ लागत नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारं तर मुठीसाठी आणूच नका.

नुसत्या रिबिटांचे विळे-कोयते बाजारात भरपूर. फायदा एकच, पण मोठा: रिबिट कापली की मूठ बदलता येते. तोटा रावेर-यावलच्या केळीबागेत दिसतो. चीक आणि धुण्याचं पाणी फळी नि लोखंडामधल्या फटीत शिरतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तो फळीला आतून ढकलतो आणि लाकूड नेमकं रिबिटीपाशी चिरतं.

म्हणून बहुतेकांनी दोन्ही एकत्र वापरावं: 24 तासांचं इपॉक्सी आणि ठोकलेली पितळी सळई. इपॉक्सी पाणी अडवतं, सळई फळीला सरकू आणि सोलू देत नाही.

यात चुका होतात त्या ठोकण्याच्या आधी. शेपटातली भोकं पात्याला पाणी देण्यापूर्वीच, म्हणजे तापवून बुडवून कडक करण्याआधीच, पाडावीत. गाडीच्या पाट्याचं लोखंड एकदा कडक झालं की साधं ड्रिल बीट त्यावर नुसतं घसरतं. 4 मिमी सळईला लोखंडात 4.2 मिमी भोक ठेवा, लाकडात 4 मिमी. ही किंचित मोकळीक लाकडाला हलायला जागा देते. पहिली फळी शेपटातूनच भोकवा, सळई घालून ठेवा आणि मग दुसरी भोकवा, म्हणजे भोकं एका रेषेत राहतात. मधल्या भागात 6 मिमीची दोन-तीन जादा भोकं पाडली तर इपॉक्सी आरपार जाऊन दोन्ही फळ्या एकमेकींना धरतं. फळ्यांची पात्याकडची कड आधीच घासून पॉलिश करा. चिकटवल्यावर तिथे कानस पात्याला ओरखडे पाडल्याशिवाय पोचत नाही.

बाभूळ असो वा सातपुड्यातलं अंजन, ओलं लाकूड लावू नका. फळी दर आठवड्याला स्वयंपाकाच्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की ती तयार. लोखंड 80 नंबरच्या पेपरने खरवडून अ‍ॅसिटोनने पुसा आणि नंतर बोट लावू नका. क्लॅम्प जेमतेम आवळा. जोर लावला तर इपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. उन्हाळ्यात हे काम पहाटे उरकावं, कारण हवा 10 अंशांनी तापली की कालवलेल्या इपॉक्सीचा वेळ साधारण निम्मा होतो.

सळई दोन्ही बाजूंना दीड मिमी बाहेर ठेवा, भोकाचं तोंड किंचित पसरट करा. इपॉक्सी ओलं असतानाच गोल तोंडाच्या हलक्या हातोडीने आळीपाळीने दोन्हीकडे, मधे न मारता कडेकडेने ठोका. पितळ ठोकून कडक होतं, म्हणून सळई आधी मंद लाल होईपर्यंत तापवून गार करून घ्यावी. लांब ठेवलेली सळई आत वाकते आणि अंजनासारखं टणक लाकूड चरकन फाटतं.

हातोडीवर हात बसलेला नसेल तर दोन तुकड्यांचा पेचाचा रिव्हेट घ्या: एका तुकड्याला आतून आटे, दुसऱ्याला बाहेरून. तो इपॉक्सीसोबतच लावायचा. पकड ठोकलेल्या सळईच्या तोडीची, फाटण्याची भीती कमी. पण त्याला दोन मापांचं भोक लागतं: डोक्यासाठी रुंद, दांडीसाठी अरुंद. रुंद भोकाखाली 3 मिमी तरी लाकूड उरलं पाहिजे, नाहीतर आवळताना ते चेपतं. मूठ घडवताना डोकं घासून फार पातळ केलं तर पेच धरायला काही उरतच नाही, त्यामुळे बारीक मुठीच्या सुरीला हा पर्याय नको.

लाख किंवा राळ भरून, वर शेंबी (धातूचं कडं) घालून बसवायची पद्धत खुरप्याच्या टोकदार शेपटासाठी आहे. सपाट शेपटावर तिचा उपयोग नाही.

थोडक्यात निवड अशी. घरच्या भाजीच्या सुरीला दोन सळया आणि इपॉक्सी पुरे. बागेत रोज भिजणाऱ्या, घाव घालायच्या पात्याला तीन सळया, नाहीतर दोन पेच. नुसतं इपॉक्सी लावायचं तर ते फक्त भिंतीवर टांगायच्या सुरीला. शेवटी मशीनवर मूठ घासताना सळईवर बोट ठेवून बघत राहा. बोटाला सोसेना इतकी ती तापली, तर तिच्याभोवतीचं इपॉक्सी मऊ पडायला लागलेलं असतं. थांबा, ओल्या फडक्याने सळई गार करा, मग पुढे घासा.