पावसाळ्यासाठी मशीन ठेवायला दिलं आणि ४८,१०० रुपये गेले

आमच्या मालवण पट्ट्यात ज्यांच्याकडे आऊटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन आहे त्यांनी हे वाचाच. ज्या मेस्त्रीने मला फसवलं त्याची शेड आजही चालू आहे आणि येत्या मे महिन्यात तो पुन्हा दारोदार फिरून मशीन गोळा करणार आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडी वर ओढली की मशीन धुऊन, तेल घालून ठेवायचं, हे काम मी इतकी वर्षं स्वतःच करत आलोय. पिंपात गोडं पाणी भरून मशीन चालवायचं, कार्बोरेटर रिकामा करायचा, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं. पण यंदा खांद्याचं ऑपरेशन झालेलं. चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन, वजन सत्तर किलोच्या वर, ते एका हाताने कोण उचलणार? म्हणून दिलं. आळस केला असं कोणी म्हणू नये.

ठरलेला दर ८,५०० रुपये. त्यात गोड्या पाण्याने धुणं, फॉगिंग (तेच, सिलिंडरमध्ये तेल सोडणं), गिअर ऑइल, नवीन इम्पेलर (मशीन थंड ठेवायला पाणी ओढणारी रबरी पात्यांची चकती), नवीन प्लग आणि थर्मोस्टॅट (त्या पाण्याच्या वाटेवरची झडप) साफ करणं. वर गोदामाचं भाडं १,२००. एकूण ९,७००, त्यातले ४,००० आधी. बाकीचे ५,७०० मशीन परत घेताना मोजून दिले. प्रत्येक काम त्याने वहीच्या पानावर वेगळं लिहून दिलं, खाली सही केली. मला जुना इम्पेलर हातात ठेवून दाखवला, पाती तुटलेला. ज्याच्या हातात तुटका इम्पेलर दिला जातो तो माणूस आणखी काय तपासणार? तो इम्पेलर माझ्या मशीनचा नव्हताच, हे नंतर कळलं.

आता तो क्षण सांगतो, जो आठवला की अजून झोप लागत नाही. मशीन ताब्यात घेताना त्याने पिंपात लावून दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू. आजूबाजूची माणसं म्हणाली, वा, काय सुरू झालं! पण फॉगिंग केलेलं मशीन महिनाभराने पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा पांढऱ्या धुराने शेड भरून जाते. आतलं तेल जळतं, दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. इथे धूर रोजच्याइतकाच. म्हणजे आत तेलाचा थेंब गेला नव्हता. शिवाय मशीन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बारीक, तुटक. मी विचारलं, तर म्हणाला, “काका, पिंपात अशीच दिसता. दर्यात गेल्यावर सुटतली.” पाऊस कोसळत होता, लाइट गेलेली, खांदा दुखत होता, टेम्पोवाला घाई करत होता. अशा वेळी चौघांसमोर मेस्त्रीला खोटं पाडायला कोण उभा राहतो?

ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीत खाडीच्या तोंडाशी मशीन तापलं आणि पिस्टन जॅम. दुसऱ्या होडीने ओढून आणलं.

दुसऱ्या मेस्त्रीने माझ्यासमोर उघडलं. खालचा गिअरकेस उतरवल्याशिवाय इम्पेलर निघूच शकत नाही, आणि त्या बोल्टांच्या डोक्यांवर मिठाचा पांढरा थर दगडासारखा बसलेला, पाना कधी लागलाच नव्हता. आत तोच जुना इम्पेलर, पाती एका बाजूला कायमची वाकलेली. थर्मोस्टॅट मिठाने गच्च. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सोडला तर दुधाच्या चहासारखं पाणीमिश्रित तेल ओघळलं. आडवं टाकून ठेवल्याच्या खुणाही कव्हरवर होत्या. मशीन उभंच ठेवायचं असतं, म्हणजे आतलं पाणी निथळतं. दुरुस्ती ३८,४०० रुपये. नारळी पौर्णिमेनंतरचा कमाईचा काळ बुडाला तो यात धरलेलाच नाही.

त्यानंतर सुरू झाली कार्यालयांची वारी, आणि तिथे जे झालं ते फसवणुकीपेक्षा जास्त लागलं. पोलिसांत गेलो तर ठाणे अंमलदाराने कागद न वाचताच सांगितलं, “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” सही आहे, तारीख आहे, न केलेल्या कामाचे पैसे घेतलेत, तरी दिवाणी! मासेमारीच्या कार्यालयात म्हणाले, आम्ही होडीची नोंद आणि परवाना बघतो. मग मशीन काय आकाशात चालतं? मशीन विकणाऱ्या डीलरने हात झटकले, तो आमचा मेस्त्री नाही. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तिथल्या बाईंनी ऐकवलं की तुम्ही धंदेवाईक आहात, ग्राहक नाही. एका होडीवर पोट भरणारा माणूस धंदेवाईक! साहेब बाहेर गेलेत, जेवणाची वेळ आहे, अर्ज दोन प्रतींत आणा, सोमवारी या. सोमवारी साहेब रजेवर.

ही माहिती मला एकाही टेबलावर मिळाली नाही, एका वकिलाने दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविका करणारा ग्राहकच धरला जातो. पाच लाखांपर्यंतच्या सेवेच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. पोलीस तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, ४२० म्हणत बसू नका. मी दोन्हीकडे अर्ज दिलेत.

इम्पेलर तुमच्या डोळ्यांदेखत बदलून घ्या, नाहीतर पैसे देऊ नका. मशीन देण्याआधी बोल्टांवर नेलपॉलिशची रेघ ओढा, बोल्ट सोडला की ती तुटते. टाकीत पेट्रोल ठेवून देऊ नका, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला ओल लगेच धरते. आणि ज्यांनी त्या माणसाकडे यंदा मशीन दिलं होतं त्यांनी समुद्रात उतरण्याआधी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरासा सोडून बघा. तेल पांढुरकं आलं तर फोटो काढा, तारीख टाका आणि माझ्याबरोबर अर्जावर सही करायला या.