ड्रॅग रेसच्या इंजिनाचं हेडकाम, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर: सीट चोख, स्प्रिंग बघून घ्या

सीट कटिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती कडा कापायला, या वर्कशॉपमध्ये नाव ठेवायला जागा नाही. तीन कोनांत कट; निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवला की रेघ अख्खी, सलग उमटते.

स्प्रिंगला मात्र डोळ्यांत तेल घालून बसा. 'कडक टाका, फ्लोट गेला' हा इथला खाक्या (फ्लोट म्हणजे जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमबरोबर वेळेत बंद न होणं), आणि नुसती कडक स्प्रिंग कॅमचा लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, खाते. आधी व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची बसवलेली उंची मोजायला लावा. समजा ३५ मिमी, लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडतो तेवढं अंतर) १०. पूर्ण उघडल्यावर उरले २५. वेढे २३.५ ला एकमेकांना टेकत असतील तर मोकळीक दीड मिमी, ठीक. ती पार संपली तर स्प्रिंगवरची टोपी (रिटेनर) नाहीतर तिला स्टेमवर अडकवणारा कॉटर सुटतो आणि व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर. फार ठेवली तर स्प्रिंग थरथरते. स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) टाकून जुळवतात, पण प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळी मोजून.

टायटॅनियम व्हॉल्व्ह स्टीलपेक्षा सुमारे ४० टक्के हलका, म्हणून आरपीएम वर जातो. त्याला ब्रॉन्झची सीट आणि स्टेमच्या टोकाला कडक टोपी हवी. दोन्ही इथं ठेवत नाहीत, सोबत न्या.

स्प्रिंगचा दाब १० टक्के उतरला की ती बदलायची. दाब मोजायचा टेस्टर आहे, मागितल्याशिवाय काढत नाहीत.