एक तोळ्याची गोळी: टेन एमएम, .४५ की डेझर्ट ईगल?

अमेरिकेत पिस्तुलाच्या गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. १८० ग्रेन म्हटलं की आपल्याला काहीच बोध होत नाही. पण ब्रिटिशांनी आपल्याकडे तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे टेन एमएम या पिस्तुलाच्या काडतुसाची नेहमीची गोळी एक तोळ्याची. .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याहून जरा जास्त, .३५७ सिगची १२५ ग्रेनची पाऊण तोळासुद्धा नाही आणि डेझर्ट ईगल पिस्तुलाच्या .५० एईची ३०० ग्रेनची दीड तोळ्याच्या पुढे. किती तोळे आणि किती वेगाने, एवढं कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तुमच्या मनगटावर.

मोंटाना, वायोमिंग, अलास्का अशा ग्रिझली अस्वलांच्या मुलखात ट्रेकला किंवा मासेमारीला जाणाऱ्या आणि जवळ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूलच हवं, रिव्हॉल्व्हर नको, असं ठरवलेल्यांसाठी हे लिहितोय. भारतात हा प्रश्नच येत नाही. तिथे परवाना मिळाला तरी सर्वसाधारणपणे .३२ वर समाधान मानावं लागतं. इथे अमेरिकेतही एच-वन-बीवर असाल तर आधी थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना बंदूक जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर दुकानात जाऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर पुढे वाचा.

आणि पिस्तुलाच्या आधी बेअर स्प्रे घ्या. घाबरलेल्या माणसाला धावत्या अस्वलावर नेम धरण्यापेक्षा समोर तिखटाचा ढग उडवणं कितीतरी सोपं जातं. गंमत म्हणजे विमानात पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन करता येतं. स्प्रे मात्र चेक-इनमध्येही चालत नाही. तो उतरल्यावर विकत घ्यायचा.

आता उमेदवार. .३५७ सिग १९९४ साली आलं. .४० च्या पुंगळीची मान आवळून त्यात नऊ एमएमच्या जाडीची गोळी बसवलेली. १२५ ग्रेन, साडेतेराशे फूट प्रति सेकंद. टेक्सासच्या महामार्ग पोलिसांनी आणि सीक्रेट सर्व्हिसने ते वापरलं. माणसांच्या जगात उत्तम काडतूस, पण अस्वलाच्या खांद्याच्या हाडापुढे पाऊण तोळ्याहून हलकी गोळी मला नको. शिवाय खेड्यातल्या दुकानात ते मिळेलच असं नाही. बाद.

डेझर्ट ईगलचं .५० एई दुसऱ्या टोकाला. ३०० ग्रेनची गोळी जवळपास दीड हजार फुटांनी, म्हणजे ताकद १४०० फूट-पाउंडांच्या वर. यांत्रिकदृष्ट्या देखणी वस्तू आहे. साध्या पिस्तुलासारखी नळी मागे सरकत नाही; रायफलीसारखा, जळलेल्या दारूच्या गॅसच्या जोरावर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचं झाकण, फिरून उघडतो. पुंगळीची कड मुद्दाम .४४ मॅग्नमइतकी लहान ठेवली आहे, त्यामुळे बोल्ट तोच ठेवून नळी आणि मॅगझिन बदललं की .४४ चं पिस्तूल तयार. पण वजन दोन किलोंच्या आसपास आणि आत सातच गोळ्या. मूठ सैल पडली की अडकतं. उघड्या शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, कारण गॅसचं भोक बुजतं. रेंजवर एकदा मित्राचं उडवून बघा, फोटो काढा आणि परत द्या. दोन किलो कमरेला बांधून नदीत उभं राहिलेला माणूस तिसऱ्या दिवशी ते गाडीत ठेवून जातो.

.४५ चं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. साधं .४५ एसीपी ही १९११ साली अमेरिकी सैन्याने घेतलेल्या पिस्तुलाची गोळी. २३० ग्रेन, ८५० फुटांच्या आसपास, साधारण ३७० फूट-पाउंड. दाबाची कमाल मर्यादा फक्त २१,००० पीएसआय, म्हणून धक्का ढकलल्यासारखा येतो, झटका बसत नाही. त्याच तोंडातून जास्त ताकद काढायची म्हणून .४६० रोलँड निघालं. तीच जाडी, पुंगळी एक-सोळांश इंच लांब, चुकून साध्या .४५ मध्ये बसू नये म्हणून. वेग १३०० फुटांच्या घरात. कागदावर टेन एमएमला मागे टाकतं. पण त्यासाठी तुमच्या .४५ पिस्तुलाला वेगळी नळी, जाड स्प्रिंग आणि पुढे कॉम्पेन्सेटर, म्हणजे गॅस वर सोडून धक्का कमी करणारा तुकडा, लावावा लागतो. त्यामुळे जास्तीची लांबी, नेहमीच्या होल्स्टरमध्ये न मावणं, आणि कानाजवळ असा धमाका की शेजारच्या लेनवरचा माणूस वळून बघतो. सुटे भाग जोडत बसायची हौस असेल तर जरूर करा. पहिलंच पिस्तूल घेणाऱ्याने नाही.

उरलं टेन एमएम ऑटो. १९८३ च्या ब्रेन टेन पिस्तुलाबरोबर ते आलं. ते बनवणारी कंपनी तीनेक वर्षांत बुडाली, आणि अनेक गिऱ्हाइकांना तर पिस्तूल मिळालं पण मॅगझिनच मिळालं नाही! १९८७ मध्ये कोल्टने डेल्टा एलिट काढलं म्हणून काडतूस तगलं. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने टेन एमएम उचललं, मग धक्का जास्त वाटला म्हणून दारू कमी करून घेतली. एवढी कमी दारू भरायची तर पुंगळी इतकी लांब कशाला, या विचारातून १९९० साली .४० एस अँड डब्ल्यू जन्मलं. आज दुकानात तुमची फसगत होते ती याच इतिहासामुळे.

परवा काउंटरवर दोन खोकी शेजारी ठेवली. एकावर टेन एमएम, १८० ग्रेन, १०३० फूट. दुसऱ्यावर .४०, तीच एक तोळ्याची गोळी, हजार फुटांच्या जरा आत. ताकदीत फरक जेमतेम तीसेक फूट-पाउंडांचा. म्हणजे टेन एमएमच्या खोक्यातून .४० विकत घ्यायचं. नॉर्मा कंपनीचं मूळ टेन एमएम २०० ग्रेनला १२०० फूट द्यायचं, ६४० फूट-पाउंड. म्हणून खोक्याच्या बाजूचे बारीक आकडे वाचा. अस्वलासाठी २०० ते २२० ग्रेन, ११५० ते १२०० फूट, सपाट नाकाची आणि न पसरणारी गोळी. होलो पॉइंट, म्हणजे नाकाला खळगा असलेली गोळी, वरवरच पसरते. इथे खोल जाणं हवं. सौम्य खोकं सरावाला घ्या, त्यात काही कमीपणा नाही. मात्र .४० चं काडतूस टेनच्या नळीत घालून वाजवू नका. ते वाजतंसुद्धा, पण पुंगळी आखूड असल्याने तिचं तोंड नळीतल्या कडेला टेकत नाही, ती नुसत्या एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्यावर, लटकते.

टेनसाठी पिस्तूल कोणतं? ग्लॉक २० माझ्या यादीत वर आहे. १५ गोळ्या, काडतुसांशिवाय ९०० ग्रॅमच्या आत. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवर गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच बाळगतं. दोन खोड्या आहेत. मूठ विटेसारखी जाड. आखूड बोटांना ट्रिगरपर्यंत पोचायला हात वळवावा लागतो, आणि मग मनगट धक्क्याच्या रेषेत राहत नाही. दुसरी, जुन्या पिढ्यांच्या नळीतली बहुकोनी रचना. उघडं शिसं त्यात साठत जातं आणि ग्लॉक स्वतःच ते वापरू नका म्हणतं. तेव्हा कडक शिशाची गोळी हवी तर वेगळी नळी, नाहीतर तांब्याचं आवरण असलेली सपाट गोळी.

लहान हात असतील तर स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी टेन एमएम बघा. गोळ्या १५ च, पण मुठीचे मागचे तुकडे बदलता येतात. डेल्टा एलिट पोलादी, सडपातळ, हातात घेतलं की ठेववत नाही. पण आठ गोळ्या आणि किलोभर वजन, शिवाय सेफ्टी लावून हॅमर ताणलेला बाळगायचा सराव लागतो. मन तिथे ओढ घेतं, पैसे ग्लॉकला देतो.

घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन एकच गोष्ट तपासा. सात यार्डांवर ताटाएवढ्या कागदावर दोन सेकंदांत दोन गोळ्या. दुसरी कागदाबाहेर गेली तर आणखी मोठं काडतूस बघण्यात अर्थ नाही. मला जोरदार टेनमध्ये तिथे पोचायला अख्खा हिवाळा लागला, आणि त्या काळात मी रानात नऊ एमएम आणि स्प्रे घेऊन फिरलो. जे काडतूस ठरवाल त्याच्या निदान शंभर गोळ्या त्याच पिस्तुलातून, त्याच मॅगझिनमधून न अडकता जाऊ द्या. मग होल्स्टर. कमरेचं नको, पाठपिशवीचा पट्टा त्यावर येतो. छातीवरचं घ्या, आणि स्प्रे डाव्या पट्ट्यावर, जिथे हात आधी जाईल.