आठ महिने तातेच्या तारांवर: तेरा-जोडी ल्यूटचा अनुभव

पहिली तार अकराव्या रात्री तुटली. वाद्य पेटीत, मी झोपेत. टण्णकन आवाज झाला तसा उठलो, आधी खिडकीची काच बघितली, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात शेवटी ल्यूटची, म्हणजे घुमटासारख्या पाठीच्या जुन्या युरोपीय तंतुवाद्याची, पेटी उघडली. ०.४२ मिलिमीटरची, मेंढीच्या आतड्याची तार, म्हणजे तात, खुंटीपाशी वेटोळं करून पडली होती.

थोडी ओळख करून देतो. माझ्याकडची ल्यूट तेरा जोड्यांची, बरोक काळातली (सतराव्या-अठराव्या शतकातली) रचना, भाड्याने घेतलेली. ‘जोडी’ म्हणायचं, पण पहिल्या दोन तारा एकेकट्याच असतात. उरलेल्या अकरा जोड्या. एकूण चोवीस तारा. मी पुण्यात सात वर्षं सतार शिकलो, आता नोकरीमुळे जर्मनीत ड्रेस्डेनला असतो. झिल्व्हिउस लेओपोल्ड वाइस १७१८ पासून १७५० मध्ये जाईपर्यंत इथल्याच दरबारात ल्यूट वाजवत होता. त्याच्या रचनांचं एक मोठं हस्तलिखित इथल्या राज्य-ग्रंथालयात आहे आणि घरबसल्या पडद्यावर बघता येतं. गाव तेच, चोपडी तीच, मग तारा तेवढ्या प्लास्टिकच्या का, असा किडा डोक्यात शिरला.

आधीची दोन वर्षं वरच्या तारा नायलगटच्या होत्या. तातेइतक्याच घनतेची ही कृत्रिम तार अक्विला नावाची इटालियन कंपनी बनवते, आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खाली तांबं गुंडाळलेल्या खर्जाच्या तारा होत्या. गेल्या सप्टेंबरात सगळ्या काढून चोवीसच्या चोवीस तातेच्या चढवल्या. सव्वातीनशे युरोंच्या आसपास गेले. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “मेंढीचं आतडं? देवाच्या खोलीत ठेवू नकोस हो ते.” मी म्हटलं, “आणि भजनात पखवाज असतो त्याला काय लावलेलं असतं?” त्यावर तिने जेवलास का विचारलं.

खरा फरक खर्जात पडला, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर.

तांब्याची तार एकदा छेडली की कितीतरी वेळ घुमत राहते. ऐकायला छान वाटतं, पण वाइसचा खर्ज चालता असतो. सा वरून नी, नी वरून ध, अशी एकेक पायरी तो उतरतो. जुना स्वर विझायच्या आत नवा आला की खाली नुसता चिखल होतो. म्हणून माझे मास्तर पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावायचे: अंगठ्याने मागची तार दाब, दाब, दाब. दोन वर्षं माझं अर्धं लक्ष त्या दाबण्यातच गेलं. वाइसच्या चोपडीत मात्र ‘दाब’ अशी खूण जवळजवळ सापडत नाही. तिथे स्वरलिपीच नाही, अक्षरं आहेत: कुठल्या तारेवर कुठल्या पडद्याशी बोट ठेवायचं एवढंच. स्वर किती वेळ टिकावा हे त्यातून कळत नाही.

तातेचा खर्ज ‘धप्’ करून येतो आणि लगेच मागे सरतो. जोडीतली शेजारची, सप्तकभर वरची तार त्या स्वराला रेघ देते, एवढंच. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पैसे पाण्यात गेले. हा कसला खर्ज, पिंपावर थाप मारल्यासारखा. तिसऱ्या आठवड्यात एक आलेमांद (त्या काळचा नृत्यप्रकार) वाजवताना लक्षात आलं की अंगठा मोकळा आहे. दाबायला काही उरलंच नव्हतं. शिवाय लय आपोआप किंचित पुढे सरकली होती, कारण स्वर वाट बघत थांबत नाही. आधी मी ज्याला ‘भारदस्त’ म्हणून संथ वाजवत होतो, ते बहुधा तांब्याच्या घुमण्याची सोय बघणं होतं.

हाताची जागाही बदलली. जुन्या चित्रांत ल्यूटवादकाची करंगळी पार घोडीला टेकलेली दिसते. नायलगटवर तिथे वाजवलं की आवाज पत्र्यासारखा येई, म्हणून मी गिटारवाल्यांसारखा वर सरकायचो. तातेवर घोडीजवळच स्वर भरीव लागतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आता त्रासाकडे. तात पिंजारते. बोट पडतं तिथे तिला केस फुटतात, अगदी बारीक, उजेडाकडे धरल्यावर दिसणारे. ते नेलकटरने कापायचे, ओढायचे नाहीत. एकदा मी ओढला, तर सालपट निघाल्यासारखी इंचभर तार सोलली गेली. काही तारा मुळातच खोट्या निघतात, म्हणजे जाडी सारखी नसते आणि सूर लागल्यासारखा वाटून लागत नाही. जुन्या ल्यूट-पुस्तकांत याची परीक्षा दिली आहे: तारेचं एक टोक या हातात, दुसरं त्या हातात, ताणून मधोमध छेडायची. दोन स्वच्छ रेघा दिसल्या तर खरी, मध्ये धुरकट गर्दी दिसली तर खोटी. एका विक्रेत्याने पाठवलेल्या पाचापैकी दोन तारांना गर्दी दिसली. त्याला कळवलं, तर उत्तर आलं की नैसर्गिक माल असाच असतो. असतो खरा. पण किंमत नैसर्गिक नव्हती.

हिवाळ्यात हीटर सुरू झाला आणि खोलीतली आर्द्रता २८ टक्क्यांवर आली. त्या दिवसांत पाऊण तास सूर लावायचा आणि वीस मिनिटं वाजवायचं. योहान माटेसन या जर्मन संगीतकार-लेखकाने १७१३ मध्ये टोमणा मारून ठेवलाय की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवाल्याची साठ वर्षं सूर लावण्यातच गेली असणार. बारोन नावाच्या ल्यूटवादकाने १७२७ च्या पुस्तकात त्याला चिडून उत्तर दिलं. जानेवारीत माझं मत पूर्ण माटेसनकडे होतं. ह्युमिडिफायर आणून आर्द्रता ४५ ते ५० वर धरली, तेव्हा कुठे बारोनकडे थोडं झुकलो.

पडदेही तातेचेच, मानेभोवती बांधलेले. सतारवाल्याला हे ओळखीचं: पडदा सरकतो, सूर बघून बसवायचा. गाठ मारल्यावर टोक काडीने जाळून गोळी करावी लागते, तेव्हा घरभर केस जळल्याचा वास. खिडकी उघडी ठेवा.

आवाज लहान आहे. माझ्या घरात वाजवताना फ्रिजचा प्लग काढावा लागतो (एकदा परत लावायला विसरलो, दूध गेलं). वाइसने १७२३ साली त्याच माटेसनला पत्र लिहिलं होतं. थिऑर्बो आणि आर्चल्यूट (ल्यूटचेच लांब मानेचे मोठे प्रकार) बहुधा नखांनी वाजवतात आणि जवळून ऐकलं तर आवाज कर्कश येतो, असं त्यात आहे. ते ‘जवळून’ मला आता समजतं, ल्यूट जवळूनच ऐकायची असते. चार माणसं सोफ्यावर, पाचवा दारात, एवढंच या वाद्याचं सभागृह. शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये हेच वाद्य नेऊन ‘अस्सल’ म्हणण्यात काय अर्थ आहे, हे आयोजकांनी सांगावं.

कारण ‘अस्सल’ हा शब्द घेऊन बसलं की सगळंच हलायला लागतं. अठराव्या शतकातल्या वादकांच्या हातात पुष्कळदा दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या ल्यूट असत. बोलोन्याच्या लाउक्स मालेरसारख्या सोळाव्या शतकातल्या कारागिरांचे घुमट (ल्यूटची गोल पाठ) फार मोलाचे मानत. मान बदलायची, खुंट्या वाढवायच्या आणि नवं संगीत वाजवायचं. धातू गुंडाळलेल्या तारांची जाहिरात लंडनमध्ये १६६४ सालीच छापली गेली होती. म्हणजे मी मोठ्या शुचितेने काढून टाकलेली तांब्याची तारही त्या काळाला परकी नव्हती. वाइसच्या ल्यूटवर ती होती की नव्हती, यावर जाणकार अजून भांडतात. आणि वाइसचा समकालीन जर्मन संगीतकार बाख? त्याच्या जी मायनरच्या सूटची (नृत्यांच्या मालिकेची), बाखच्या रचनांच्या यादीतल्या बीडब्ल्यूव्ही ९९५ ची, स्वहस्ते लिहिलेली प्रत ब्रसेल्सला आहे. ती ल्यूटच्या अक्षरांत नाही, दोन ओळींच्या साध्या स्वरलिपीत आहे, आणि तिच्यात एक खर्ज असा आहे जो तेरा जोड्यांच्या ल्यूटवर नाहीच. तो सगळे वरच्या सप्तकात घेतात. मीही घेतो.

त्यामुळे कुणी विचारलं की तातेवर वाजवणं जास्त खरं का, तर मी नाही म्हणतो. तात मला काही गोष्टी करू देत नाही, आणि मी दोन वर्षं नेमक्या त्याच करत होतो, एवढं मात्र सांगू शकतो.

नवशिक्यांना सल्ला: पहिलं वर्ष नायलगटच ठेवा. सूर कुठे आहे हे कानाला कळायच्या आत तात लावलीत तर दोष तारेचा की बोटाचा, हे कधीच कळणार नाही. कार्यक्रम वाजवणार असाल तर पहिली तार कृत्रिमच ठेवा, कुणाला सांगू नका. मी फेब्रुवारीपासून तेच केलंय. दुसरीपासून सहाव्या जोडीपर्यंत तात आहे आणि ती निघणार नाही. खर्जात सातवी ते तेरावी अजून तातेवरच, पण अकरावी जोडी मे महिन्यातही रोज संध्याकाळी उतरते. तिच्यासाठी थोडी बारीक तार मागवली आहे, दुसऱ्या विक्रेत्याकडून. आली की दोन्ही हातांत धरून आधी रेघा मोजणार.