रिलेची ‘टक’ ऐकू आली का?

कोपरखैरण्याच्या एका फ्लॅटमध्ये ‘वाजवून दाखवलेला’, बत्तीस हजारांना घोडबंदर रोडवरच्या एका घरी गेलेला आणि तिथे आठवडा भरायच्या आत डाव्या स्पीकरचा वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा भोंगा) जाळून बसलेला हा अ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर. सत्तरच्या दशकाच्या अखेरचा जपानी इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात), चॅनेलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, ६० वॉट. पुढची पट्टी चकाचक, लाकडी केसला ताजं पॉलिश, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या दोन्ही व्हीयू मीटरचे काटे झकास हलणारे. उघडल्यावर आत जे निघालं ते जुना सेट घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माहीत असावं, म्हणून हे सविस्तर.

सोबत मिळालेली कहाणी नेहमीचीच: काका दुबईला होते, तिथून आणलेला, एकहाती वापर. मागची प्लेट वाचली असती तरी ही कहाणी तिथेच संपली असती. प्लेटवर ‘एसी १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलेलं होतं. घरात १०० व्होल्ट असतात ते जपानमध्ये. दुबईत आपल्यासारखेच २२० ते २४०. म्हणजे हा जपानच्या देशी बाजारातला सेट. काकांचा त्याच्याशी काही संबंध नाही. बरोबर दिलेला ‘स्टॅबिलायझर’ हा साधा ११० व्होल्टचा स्टेपडाउन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) होता. १०० व्होल्टच्या सेटला ११० दिले की आतला सप्लायही दहा टक्क्यांनी चढतो: ३८ व्होल्टच्या जागी ४२, प्लसलाही आणि मायनसलाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ लबाडी. या काळातले बहुतेक चांगले जपानी अ‍ॅम्प चालू केल्यावर तीन ते पाच सेकंद गप्प असतात, मग आतून ‘टक’ असा आवाज येतो. तो प्रोटेक्शन रिले, स्पीकर वाचवणारा आपोआप चालणारा स्विच. आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचा, स्पीकर जाळणारा प्रवाह) नाही याची खात्री पटल्यावरच तो स्पीकर जोडतो. आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारा) शॉर्ट, म्हणजे आतून जळून सरळ जोडला गेलेला, असेल तर टक होत नाही, सेट मुका राहतो, आणि मुका सेट कोण विकत घेणार? प्रामाणिक मेकॅनिक दोष शोधतो. इथे रिलेच्या दोन्ही कॉन्टॅक्टवर खालून जाड तारेचा जंपर (रिलेला वळसा घालणारी थेट जोडणी) मारलेला होता. आवाज लगेच आला, स्पीकरचं संरक्षण गेलं.

ट्रान्झिस्टरचं काम तर त्याहून हुशारीचं. डाव्या चॅनेलचे मूळ आउटपुट काढून तिथे २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे२९५५ बसवलेले. डोक्यावरचा छाप घासून नवा मारलेला. थिनरचा बोळा फिरवला की हा छाप निघून येतो, मूळ छाप सहसा टिकतो. २एन३०५५ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा, म्हणजे बंद असताना तो सोसू शकेल तो ताण, ६० व्होल्ट. सेट शांत असताना प्रत्येक ट्रान्झिस्टरवर ४२ व्होल्ट असतात, म्हणजे सगळं ठीक. पण आवाज वाढवला की एक ट्रान्झिस्टर चालतो तेव्हा बंद असलेल्या दुसऱ्यावर ४२ अधिक सिग्नलचा पीक (सर्वांत वरचं टोक) एवढा ताण येतो. पीक १८ व्होल्टच्या पुढे गेला की ६० ची हद्द ओलांडली. आठ ओहमवर १८ व्होल्ट पीक म्हणजे जेमतेम २० वॉट. साठ वॉटचा अ‍ॅम्प, आणि पूर्ण आवाजाला ताण ऐंशीच्या आसपास! दाखवताना व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या नऊच्या पुढे का जात नव्हता (‘सोसायटीत तक्रारी येतात हो’), ते इथे कळतं.

घोडबंदरला पहिल्या पार्टीत आवाज चढला, ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि ४२ व्होल्ट डीसी सरळ वूफरवर गेलं. आठ ओहमच्या वूफरची कॉइल डीसीला साधारण सहा ओहम असते. हिशोब अडीचशे वॉटच्या पुढे जातो. कॉइल काही सेकंदांत काळी पडते. फ्यूजने वाचवायला हवं होतं, पण ५ अँपिअरच्या जागी १० चा घातला होता. रिले शाबूत असता तर नुकसान ट्रान्झिस्टरच्या एका जोडीवर थांबलं असतं.

बाकीच्या युक्त्या किरकोळ, पण पाहून ठेवा. फिल्टर कपॅसिटरवर (सप्लाय सपाट करणारे डबे) नवं वेष्टन चढवून मोठा आकडा दाखवतात. व्हॉल्यूम शून्यावर असताना स्पीकरमधून १०० हर्ट्झची घरघर येत असेल तर ते थकलेले आहेत. नॉबच्या मागे गंज काढायच्या स्प्रेचा वास आला तर समजा खरखर तात्पुरती दाबली आहे. खाडीकाठच्या दमट हवेत ती परत येते, आणि तोवर नॉबच्या आतला कार्बन ट्रॅकही खराब झालेला असतो. एकाच चॅनेलच्या हीटसिंकवर (ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा धातूचा तुकडा) ताजी पांढरी पेस्ट दिसली की दुसऱ्या चॅनेलशी ट्रान्झिस्टरचे नंबर ताडून पाहा.

सेट पाहायला जाताना मल्टिमीटर, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि एक जुना, जळाला तरी चालेल असा आठ ओहमचा स्पीकर न्या. आधी स्पीकर न लावता व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर घेऊन स्पीकर टर्मिनलला लावा आणि मगच स्विच टाका. टक होईपर्यंत मीटर शून्याजवळ हवा. स्विच टाकताच काटा उडाला किंवा आकडे धावले तर रिले बायपास आहे, किंवा त्या मॉडेलला रिलेच नाही. काही जुन्या साध्या अ‍ॅम्पमध्ये तो खरंच नसतो, म्हणून त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी पाहून जा. टक झाल्यावर ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर गेला तर घासाघीस करत बसू नका, उठा. वीस मिनिटं तापू द्या आणि पुन्हा मोजा, कारण खरा दोष गरम झाल्यावरच बाहेर येतो.

झाकण उघडू देत नसतील तर विषय तिथेच संपला. उघडलंच तर आधी प्लग काढा, काही मिनिटं थांबा, फिल्टर कपॅसिटरवरचे व्होल्ट उतरलेत का ते मीटरने बघा आणि मग रिलेच्या कॉन्टॅक्टवर कंटिन्यूटी (जोडणी असेल तर मीटरचा बीप) घ्या. सेट बंद असताना बीप वाजला तर जंपर आहे. ताकद तपासायची असेल तर स्पीकरऐवजी आठ ओहम, १०० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावून फोनवरून २०० हर्ट्झचा टोन द्या. एक हजाराचा नको. स्वस्त मीटर तिथे चुकीचं वाचतात. एसी २२ व्होल्ट मिळाले तर ६० वॉट खरे. टोन दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका.

टोकन आधी पाठवू नका. ‘क्यूआर स्कॅन करा, डिस्काउंट परत येईल’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवा. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. समोरासमोर व्यवहार झाला तर कागदावर मॉडेल, सीरियल नंबर आणि ‘मूळ आउटपुट ट्रान्झिस्टर, प्रोटेक्शन चालू’ असं लिहून सही घ्या. ज्याने जंपर मारलाय तो या ओळीवर अडतो.

या सेटपुरतं: डाव्या चॅनेलला एमजे१५००३ आणि १५००४ ची जोडी (१४० व्होल्ट, त्यामुळे ताणाला पुरून उरते), जळालेले ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टर बदलले, नवा २४ व्होल्टचा दोन कॉन्टॅक्टचा रिले, ५ अँपिअरचे फ्यूज, बायस (ट्रान्झिस्टरचा शांत असतानाचा प्रवाह) नव्याने लावलेला, आणि ११० च्या जागी नेमका १०० व्होल्टचा स्टेपडाउन. वूफरचं रिकॉइलिंग (नवी कॉइल गुंडाळणं) वेगळं.