एकाच डिस्कची वाटणी करावी, की दुसरी डिस्क घ्यावी?

परभणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सची डिझाइनं अशी कामं. कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर हात बसलाय, त्यामुळे विंडोज सोडवत नाही. पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि दुकानाच्या जुन्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज 11 चा रस्ता बंद. सपोर्ट नसलेली सिस्टीम नेटवर धोक्याची, म्हणून डिझाइन विंडोजवर आणि इंटरनेट उबुंटूवर (ही लिनक्सची फुकट सिस्टीम), असं ठरवलं. एका मशीनवर दोन सिस्टीम बसवायच्या दोन्ही तऱ्हा मी करून पाहिल्यात.

पहिली तऱ्हा फुकटची. डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, म्हणजे ड्राइव्ह आकसवून जागा मोकळी करायची. उबुंटूला 25 जीबी पुरते म्हणतात. मी म्हणेन 60 तरी सोडा. अडचण इथंच येते. सी ड्राइव्हमध्ये 200 जीबी मोकळी दिसते आणि विंडोज 30 च सोडायला तयार होतं. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल अशा काही फाइली जागच्या हलत नाहीत. वावराच्या मधोमध विहीर असली की वाटणीचा बांध तिच्या अलीकडं नेता येत नाही, तसंच हे. हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून मशीन रीस्टार्ट केलं की बऱ्याचदा जागा सुटते. जुन्या एमबीआर पद्धतीनं वाटलेल्या डिस्कवर आणखी एक अडसर: प्रायमरी पार्टिशन (मुख्य वाटे) चारच होतात, आणि कंपनीनं रिकव्हरीला एक-दोन आधीच खाल्लेली असतात. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कला ही कटकट नाही.

माझं नुकसान मात्र वेगळ्याच कारणानं झालं. श्रिंक करून मिळालेली जागा डी ड्राइव्हच्या अलीकडं होती, मला ती पलीकडं हवी होती. म्हणून जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅममधून आख्खा डी ड्राइव्ह सरकवायला लावला. पार्टिशन सरकवायचं म्हणजे आतला सगळा डाटा उचलून दुसरीकडं लिहायचा, तासन्‌तास चालतं. मे महिना, दुपारचे अडीच, अर्ध्यावर लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, ती मी बदलली नव्हती. डी ड्राइव्ह परत उघडला नाही. सहा वर्षांच्या पत्रिकांचे साचे त्यात होते. एका गिऱ्हाइकाची पत्रिका दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. रात्रभर बसून ती पहिल्यापासून जुळवली. लोडशेडिंगच्या गावात श्रिंक करा, पण पार्टिशन सरकवायच्या फंदात पडू नका, हे मी कळकळीनं सांगतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे वेगळी एसएसडी. 240 जीबीची साधी साटा डिस्क पुरे. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसते, फक्त जाडी मोजून घ्या, 9.5 की 12.7 मिलीमीटर. उबुंटू टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) नव्या डिस्कवरच जातो. मग मशीन सुरू करताना बूट मेनूतून हवी ती डिस्क निवडायची. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर दुकान चालतं. विंडोजच्या अपडेटनं ग्रबची (उबुंटूच्या बूटलोडरची) वाट लागण्याची भीतीही जवळजवळ उरत नाही.

व्हर्च्युअल मशीनचंही, म्हणजे विंडोजच्या आतच दुसरी सिस्टीम चालवायचं, लोक विचारतात. रॅम 4 जीबी असेल तर नादी लागू नका. 8 असेल तर नुसतं शिकायला ठीक.

दोन गोष्टी कुठल्याही तऱ्हेत करायच्याच. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि घड्याळ: लिनक्स मशीनमध्ये यूटीसी (ग्रीनिचची) वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ धरतं, त्यामुळे विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागं पडतं. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायची सेटिंग केली की जमतं.

डेस्कटॉप असेल तर माझं मत पक्कं: दुसरी डिस्कच घ्या. माझी मुलगी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, तिच्या लॅपटॉपला मात्र एकच स्लॉट. तिथं वाटणीच केली. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) की वहीत उतरवून घेतली, फोटो आणि नोट्स बाहेरच्या डिस्कवर काढल्या, बॅटरी शंभर टक्के भरली आणि मगच श्रिंकवर क्लिक केलं. मधे दोनदा लाइट गेली. लॅपटॉप चालूच राहिला.